मुखवट्यातला राजा: एका जपानी खेळ-कादंबरीची कैफियत

जपान हा देश मराठी वाचकाला सर्वस्वी परका आहे असे आज म्हणता येणार नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने त्या देशातील घरे, बागा आणि माणसे आपल्या परिचयाची करून दिली, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेल्या ‘तोत्तोचान’मुळे कित्येक शिक्षकांच्या मनातील शाळेची कल्पनाच पालटली, शिरीष पै यांच्या अखंड साधनेने हायकू हा काव्यप्रकार इथे रुजला, आणि १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी दिसू लागलेला, मुळात जपानी चित्रकारांनी सजीव केलेला मोगली तर मेळघाटच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या अकोटातील मुलांना शेजारच्या रानातलाच कोणी वाटत असे. तथापि ज्या कलाप्रकारात गेल्या चाळीस वर्षांतील जपानी कथनकौशल्याचा फार मोठा अंश खर्ची पडला आहे, तो दृश्य-कादंबरी आणि युद्धनीतीचा खेळ यांच्या संयोगातून जन्मलेला प्रकार मात्र आपल्याकडे ‘मुलांचे खेळ’ या दोन शब्दांत निकाली काढला जातो. हा निकाल पुराव्याची छाननी न करता दिलेला आहे, आणि त्याची फेरतपासणी व्हावी या हेतूने, त्या प्रकारातील एक श्रेष्ठ कृती समोर ठेवून, नव्याने तिकडे वळणाऱ्यांसाठी हा आढावा घेत आहे. त्या कृतीचे नाव ‘उतावारेरुमोनो’.

प्रथम प्रकाराविषयी. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्र श्रोत्यांपुढे धरीत, वाद्याच्या साथीवर रामायण-महाभारतातील आख्यान सांगतात. चित्र स्थिर असते, पण निवेदकाचा आवाज, पात्रांचे बदलते स्वर आणि संगीत यांमुळे त्या स्थिर चित्रात प्राण भरतो. दृश्य-कादंबरीची रचना तत्त्वतः हीच आहे. पडद्यावर स्थलाचे आणि पात्रांचे चित्र उभे राहते, खाली मजकूर उमटतो, नट आपल्या आवाजात संवाद बोलतात, आणि वाचक आपल्या गतीने कळ दाबीत पुढे सरकतो. क्वचित त्याला दोन-तीन मार्गांतून एकाची निवड करावी लागते. या प्रकाराची वंशावळ युजी होरिई यांनी १९८३ साली रचलेल्या ‘पोर्टोपिया’ या खुनाच्या तपासकथेपासून सांगितली जाते, १९९२च्या ‘ओतोगिरिसो’ने संपूर्ण पडद्यावर मजकूर पसरून ध्वनीच्या साहाय्याने भीती उत्पन्न करण्याची रीत घालून दिली, आणि १९९६ साली ‘शिझुकु’ आणि ‘किझुआतो’, व पुढल्याच वर्षी ‘टू हार्ट’ प्रसिद्ध करणाऱ्या ‘लीफ’ या नाममुद्रेने ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ ही संज्ञा आपल्या मालिकेला देऊन ती सर्वतोमुखी केली.

दुसरा प्रवाह युद्धनीतीचा. ‘कोएई’ या संस्थेने १९८३ मध्ये सोळाव्या शतकातील जपानी सरदारांच्या यादवीवर ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ हा खेळ काढला, ज्यात मुलूख, धान्य, खजिना आणि फौज यांचा बंदोबस्त खेळणाऱ्याला स्वतः करावा लागे. १९९० साली शोझो कागा यांच्या ‘फायर एम्ब्लेम’ने त्या कोरड्या हिशेबात माणसे आणली: पटावरील प्रत्येक मोहऱ्याला नाव, चेहरा आणि स्वभाव मिळाला, आणि जो एकदा रणांगणावर पडला तो कायमचा गेला, असा कठोर नियम घातला गेला. यासुमी मात्सुनो यांच्या १९९५च्या ‘टॅक्टिक्स ओगर’ने राजकारणातील नैतिक संकटे त्या पटावर मांडली, तर १९९६ साली ‘सेगा’च्या ‘साकुरा ताइसेन’ने दोन लढायांच्या मधल्या काळात पात्रांचे परस्परसंबंध वाढवण्याचा भाग इतका मोठा केला की दोन्ही प्रवाहांचा संगम आता दूर नाही, हे जाणत्यांच्या ध्यानात आले. २६ एप्रिल २००२ रोजी लीफने प्रकाशित केलेल्या, मुनेमित्सु सुगा यांनी लिहिलेल्या आणि तात्सुकी आमाझुयु यांनी चितारलेल्या ‘उतावारेरुमोनो’त तो संगम पूर्णत्वास गेला, असे माझे मत आहे, आणि हे मत मी नवलाईच्या आहारी जाऊन बनवलेले नाही, तर वऱ्हाडच्या मातीत वाढलेल्या वाचकाला या कृतीत जे दिसते ते टोकियोच्या किंवा लंडनच्या वाचकाला तितक्या सहजतेने दिसणार नाही, अशा एका विशेष कारणाने बनवले आहे.

ते कारण कथेतच आहे. डोंगरांच्या कुशीतील एका दरिद्री खेड्यात एक जखमी पुरुष शुद्धीवर येतो. त्याला आपले नाव, गाव, पूर्वायुष्य यांपैकी काहीही आठवत नाही. त्याच्या तोंडावर एक मुखवटा आहे, आणि तो काही केल्या निघत नाही. ज्या घरात त्याची शुश्रूषा झाली ते घर तुस्कुर नावाच्या वृद्ध वैद्य स्त्रीचे आहे; तिची थोरली नात एरुरू औषधविद्या शिकत आहे आणि धाकटी अरुरू परक्या माणसाला पाहून दाराआड लपते. या जगातील माणसांना प्राण्यांसारखे कान आणि शेपट्या आहेत, एकट्या या परक्याला त्या नाहीत. त्याला त्या घरातील एका दिवंगत पुरुषाचे नाव दिले जाते: हाकुओरो. आता एखाद्या सामान्य अद्भुतकथेत असा नायक दुसऱ्या प्रकरणात तलवार उपसून निघाला असता. इथे तो काय करतो? तो शेताच्या बांधावर जातो. माती हाती घेऊन पाहतो. जमीन का पिकत नाही, याचा विचार करतो. तिचा कस सुधारण्याचा उपाय शोधतो. ग्रामस्थांना नवी अवजारे करून देतो. आणि ज्या खेड्यात पोटभर अन्न हीच चैन होती, तिथे मोरोरो नावाच्या कंदाचे पीक भरभरून येऊ लागते.

पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे, जिथे जमीन काळीभोर आणि सुपीक, पण विहिरीचे पाणी इतके खारे की ते पिकाला देणे म्हणजे पीक मारणे, अशा भागात ज्याच्या दोन पिढ्या केवळ मृगाकडे डोळे लावून बसल्या आहेत, त्याला हा प्रसंग अद्भुतातला वाटत नाही. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि आजही त्याच्या संशोधनाचा एक मोठा विषय हीच जमीन आणि हेच पाणी आहे. राज्याचा आरंभ सिंहासनापासून न होता मातीच्या परीक्षेपासून होतो, ही या कृतीची मूळ धारणा आहे, आणि पुढील सर्व युद्धे, तह, विश्वासघात आणि विजय या एका धारणेवर उभे आहेत. जो नवागत या प्रारंभीच्या प्रकरणांना ‘संथ’ म्हणून घाईघाईने कळ दाबीत पुढे जाईल, तो पुढे लढाया जिंकील, पण त्या कशासाठी लढल्या गेल्या हे त्याला कळणार नाही.

पीक आले की सारा वसूल करणाराही येतो. केनाशिकोउरुपे या राज्याचा स्थानिक अधिकारी वाढीव धान्याची मागणी करतो, आणि खेड्याचा असंतोष पेटत जातो. आमच्या वऱ्हाडाला या गोष्टीचे ऐतिहासिक स्मरण आहे. अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच मुलखावर होता. त्या दुअमलीच्या काळात एकाच गावच्या महसुलावर दोन सरकारांचे कमाविसदार हक्क सांगत, आणि दोघांचे समाधान करता करता रयतेच्या कणग्यांचे तळ उघडे पडत. म्हणून हाकुओरोच्या खेड्यातील लोक जेव्हा धान्याच्या गाडीकडे हताशपणे पाहतात, तेव्हा तो प्रसंग समजून घेण्यासाठी आम्हाला जपानचा इतिहास चाळावा लागत नाही. या झगड्यात एका वृद्धेचा बळी जातो, बंड होते, जुलमी राजवट उलथली जाते, आणि उभ्या राहिलेल्या नव्या राष्ट्राला त्या वृद्धेचे नाव दिले जाते. हे सर्व आरंभीच्या भागात घडते, म्हणून ते सांगण्यात मी रसभंग करीत नाही. मुखवटा कोणाचा, तो का निघत नाही, आणि हे जग मुळात कोणते, या प्रश्नांची उत्तरे मात्र मी देणार नाही, आणि नवागताने ती कोणाला विचारूही नयेत. त्या उत्तरांनी कथा अशा प्रदेशात नेली जाते की तिची जातच पालटते, आणि तो पालट स्वतः अनुभवण्यासारखा आहे.

याच भागात मुतिकापा नावाचा एक अक्राळविक्राळ वाघ येतो. तो रानाचा दैवी रक्षक मानला गेलेला आहे, आणि शस्त्र त्याच्या केसाळ कातड्याला भेदू शकत नाही. पण ते कातडे पाण्याने भिजले की मऊ पडते, हे हाकुओरोच्या ध्यानी येते आणि सारे गाव मिळून त्याचा बंदोबस्त करते. नंतर त्याचे अनाथ पिल्लू छोट्या अरुरूच्या मायेत वाढते आणि पुढे ती त्याच्या पाठीवर बसून रणांगणात उतरते. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले त्यांपैकी मेळघाट हा एक, आणि नरनाळ्याचा डोंगर चढून जाणाऱ्या अकोटकराला वाघ आणि गाव यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते हे शिकवावे लागत नाही. कोरकू लोकांनी त्या प्राण्याविषयी जे भय आणि जो आदर एकाच वेळी मनात बाळगला आहे, तेच मिश्रण या प्रसंगात आहे. वाघाला मारणे हा येथे पराक्रम म्हणून मिरवला जात नाही; त्या वधाची किंमत एक पिल्लू आणि एक मूल मिळून पुढे कित्येक प्रकरणे चुकवीत राहतात.

आता युद्धाविषयी. कथेचे प्रकरण संपले की पडद्यावर चौकटींत विभागलेले रणांगण उघडते. प्रत्येक योद्धा आपल्या चपळाईच्या क्रमाने हालतो. कोणी दुरून बाण सोडतो, कोणी भाल्याने दोन घरे गाठतो, एरुरू शस्त्र धरीत नाही, ती जखमा बऱ्या करते. अग्नी, जल, वायू, पृथ्वी अशा तत्त्वांचे बलाबल असते. हल्ला चालू असता नेमक्या क्षणी कळ दाबली तर दुसरा, तिसरा घाव जोडला जातो. आणि लढाईनंतर मिळालेले गुण कोणाच्या बळावर, कोणाच्या बचावावर खर्च करावेत हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. सोय म्हणून नव्या आवृत्तींत मागील काही चाली परत घेण्याची मुभा आहे, आणि बुद्धिबळाच्या कडक शिस्तीत वाढलेल्या मराठी खेळाडूला ती प्रथम रुचणार नाही. तरी नवागताने ती निःसंकोच वापरावी, कारण या कृतीचा मुख्य रस स्पर्धेत नाही.

ज्यांनी पटावरील युद्ध केवळ बुद्धिबळातून जाणले, त्यांना इथे एक गोष्ट अपरिचित वाटेल. आपल्या आणि पाश्चात्त्य बुद्धिबळात मेलेला मोहरा पटाबाहेर जातो आणि त्या डावापुरता संपतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत बातुमी येथे कोनेरू हम्पीवर मात करून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा साऱ्या विदर्भाने मोहऱ्यांच्या या अंतिम गणिताकडे श्वास रोखून पाहिले. जपानी शोगी मात्र याहून वेगळा आहे: नऊ बाय नऊच्या पटावर प्रत्येकी वीस मोहरे घेऊन बसलेले दोन खेळाडू जेव्हा एकमेकांचा मोहरा पकडतात, तेव्हा तो पकडणाऱ्याचा होतो आणि पुढे त्याच्या बाजूने पटावर पुन्हा उतरवता येतो. पराभूताला मारून टाकण्यापेक्षा त्याला आपल्या पक्षात आणणे अधिक मोलाचे, हा विचार त्या खेळाच्या नियमात मुरलेला आहे. ‘उतावारेरुमोनो’च्या कथेत हाच विचार पात्रांच्या रूपाने पुनःपुन्हा येतो. केनाशिकोउरुपेचा सेनापती बेनावी हा कर्तव्यनिष्ठ, थंड बुद्धीचा पुरुष. त्याचा सहकारी कुरोउ. मानाचा हट्ट धरणारी तलवारबहाद्दर तोउका. ही माणसे प्रथम विरुद्ध फळीत उभी असतात आणि नंतर हाकुओरोची होतात. ती का वळतात, कोणता शब्द, कोणती कृती, कोणते दुःख त्यांना वळवते, हे लेखकाने घाई न करता रंगवले आहे, आणि माझ्या मते या कृतीतील उत्तम लेखन तेथेच आहे.

रणांगणाचा नकाशा वाचण्याची सवय लावून घ्यावयाची तर अकोटच्या वाचकाला दूर जावे लागत नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या गावापासून जवळच, अडगावच्या मैदानावर, व्यंकोजी भोसले आणि शिंद्यांचे घोडदळ यांची गाठ ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्या फौजेशी पडली. लढाई दिवस कलल्यावर सुरू झाली. मराठ्यांच्या तोफांचा पहिला भडिमार होताच कंपनीच्या काही पलटणी बिथरून मागे फिरल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा रांगेत उभे केले, आणि अंधार पडल्यावर चांदण्यात पाठलाग झाला. अवघ्या सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला, आणि १७ तारखेस देवगावच्या तहावर सही झाली. एका संध्याकाळच्या डगमगीतून सावरलेल्या फौजेमुळे वऱ्हाडचे भवितव्य कसे ठरले, याचा ज्याने विचार केला आहे त्याला हे ताबडतोब समजेल की युद्धाच्या खेळात संख्येइतकेच मनोधैर्याला, प्रहराला आणि जागेला महत्त्व असते. ‘उतावारेरुमोनो’त मनोधैर्यासाठी स्वतंत्र मोजमाप ठेवले आहे: लढता लढता योद्ध्याचे शौर्य चढते, आणि ते पुरेसे चढल्याशिवाय त्याचे अंतिम अस्त्र चालत नाही. दरवाजा, खिंड, पूल अशा अरुंद जागा धरून बसावे आणि शत्रूला तेथेच येऊ द्यावे, ही जी युक्ती प्रत्येक नवागत थोड्या लढायांनंतर शिकतो, ती आमच्या पूर्वजांनी नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यासारख्या बुलंद प्रवेशद्वारांच्या बांधणीत दगडात कोरून ठेवली आहे.

आता दोषांविषयी, कारण दोष लपवून ठेवणारा आढावा नवागताची फसवणूक करतो. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप मूळ आवृत्तीवर आहे. २००२ सालची आवृत्ती प्रौढांसाठी होती आणि तीत उघड शृंगाराची दृश्ये होती. ती कथेला पोषक नव्हती, उलट त्यांच्यामुळे काही स्त्री-पात्रांची प्रतिष्ठा उणावत असे. २००६च्या ऑक्टोबरात प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी काढलेल्या आवृत्तीतून ती दृश्ये वगळली गेली आणि कृती त्याने निःसंशय उंचावली. तथापि या मालिकेच्या पुढील भागांतही स्त्रियांच्या देहाविषयीचे काही थिल्लर विनोद उरलेच आहेत. ते अनावश्यक आहेत, आणि ज्या लेखकाला एरुरूसारखी सोशिक, बुद्धिमान, आपल्या विद्येवर जगणारी वैद्यकन्या रंगवता येते, त्याच्या हातून असे लिहिले जावे याचा खेद वाटतो. पालकांनी हे जाणून असावे की सुधारलेल्या स्वरूपातही ही कृती लहान मुलांच्या हाती देण्याजोगी नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. या अद्भुत जगाची नावे, वेशभूषेवरील नक्षी, देवकल्पना आणि ग्रामजीवन यांत जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील मूलनिवासी ऐनू लोकांच्या संस्कृतीचे धागे विपुल आहेत. ऐनूंची स्वतःची युकर नावाची महाकाव्ये पिढ्यानुपिढ्या मुखाने गायिली गेली. चिरी युकिए या तरुणीने आपल्या आजीकडून व मावशीकडून ऐकलेल्या देवगीतांचे जपानी भाषांतर करून संग्रह सिद्ध केला, आणि १९२२ साली वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी तिचे निधन झाल्यावर पुढील वर्षी तो छापला गेला. जपानी शासनाने ऐनूंना मूलनिवासी म्हणून कायद्याने मान्य करायला २०१९ उजाडावे लागले, आणि शिराओई येथील त्यांचे राष्ट्रीय संग्रहालय ‘उपोपोय’ २०२०च्या जुलैत उघडले. ज्या लोकांची भाषा शासनाच्या धोरणामुळे नामशेष होण्याच्या टोकाला गेली, त्यांच्याच संस्कृतीतून रंग घेऊन बहुसंख्यांच्या करमणुकीचे चित्र काढावे का? मेळघाटात कोरकू ही मुंडा कुलातील भाषा बोलणारी माणसे आमच्या शेजारी राहतात, त्यांची गीते आम्हाला क्वचितच माहीत असतात, आणि उद्या कोणी मराठी लेखकाने त्यांच्या देवतांवरून एक अद्भुत राज्य रचले, तर तो आदर ठरेल की अपहार, हे त्या लेखकाच्या परिश्रमावर आणि ऋण मान्य करण्याच्या वृत्तीवर अवलंबून राहील. ‘उतावारेरुमोनो’विषयी माझा अभिप्राय असा की त्यात ऐनू संस्कृतीची टवाळी कोठेही नाही, तिच्याविषयी ओढ आहे, पण जे घेतले ते कोणाचे, हे वाचकाला ठळकपणे सांगण्याची जबाबदारी मात्र पुरेशी पार पाडलेली नाही. म्हणून नवागताने खेळाच्या सोबतीने चिरी युकिएचा संग्रह इंग्रजी भाषांतरात अवश्य मिळवावा. त्यानंतर खेळातील गावही वेगळे दिसू लागते.

तिसरा आक्षेप दीर्घत्वाचा, आणि तो मला मान्य नाही. या मालिकेतील बहुतांश वेळ वाचनात जातो, लढाया त्या मानाने थोड्या. तेव्हा ज्याला केवळ लढाया हव्यात त्याने ‘फायर एम्ब्लेम’ किंवा ‘टॅक्टिक्स ओगर’कडे जावे, तेथे त्याची तृषा अधिक भागेल. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच १८६१ सालच्या हळबे यांच्या ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुतरम्य, विस्तीर्ण कथा अवतरल्या, आणि ‘वीरधवल’ची पाने उलटीत रात्र जागवणारी पिढी आपल्याच घरात होऊन गेली, विस्ताराचा आपल्याला कंटाळा असण्याचे कारण नाही. शिवाय इथे विस्ताराला आवाजाचा आधार आहे. हाकुओरोला रिकिया कोयामा यांनी जो गंभीर, थकलेला, पण धीर देणारा स्वर दिला आहे, त्याने मुखवट्याआडचा चेहरा दिसल्याचा भास होतो. पुढील भागांच्या हाकु या नायकाचे काम केइजी फुजिवारा यांनी केले, आणि १२ एप्रिल २०२० रोजी ते निवर्तल्यानंतर तो विनोदी, आळसावलेला, आतून हळवा आवाज पुन्हा ऐकणाऱ्याला अधिकच भिडतो. सुआरा या गायिकेची शीर्षकगीतेही वगळू नयेत.

भाषेची अडचण खरी आहे. मराठीत ही मालिका नाही, हिंदीतही नाही. जपानी आवाज आणि इंग्रजी मजकूर हाच मार्ग आहे. पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन अनेक वर्षे चालू आहे, रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांतून जपानी शिकलेले विद्यार्थी बाहेर पडतात, आणि त्याच पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला अद्भुत खेळ जगापुढे ठेवला; म्हणजे भाषा जाणणारे आणि खेळ घडवणारे असे दोन्ही हात आपल्याकडे आहेत. ‘राजी’ची जात वेगळी, तो धावण्या-लढण्याचा खेळ आहे, त्यात पटावरील युद्ध नाही. परंतु भोसले-निजाम दुअमली, मेळघाटचे रान आणि खारपाण जमीन यांच्यावर उभी राहिलेली मराठी दृश्य-कादंबरी ही अशक्य कल्पना आहे असे मला मुळीच वाटत नाही, आणि ज्या तरुणांना ती लिहावीशी वाटेल त्यांनी आधी ‘उतावारेरुमोनो’चे प्रारंभीचे ग्रामप्रकरण काळजीपूर्वक अभ्यासावे.

राहता राहिला प्रश्न क्रमाचा, आणि त्यावर मतभेद आहेत. मालिकेची मुख्य त्रयी अशी: पहिला भाग म्हणजे २००२ची कथा, जी नव्या चित्रांनिशी २०१८ साली जपानात आणि ‘प्रील्यूड टू द फॉलन’ या नावाने २०२०च्या मेमध्ये इंग्रजीत आली, दुसरा ‘मास्क ऑफ डिसेप्शन’, तिसरा ‘मास्क ऑफ ट्रूथ’. इंग्रजी वाचकांना दुसरा आणि तिसरा भाग २०१७ सालीच मिळाला, पहिला मात्र तीन वर्षांनंतर. त्यामुळे दुसऱ्यापासून आरंभ केला तरी चालते, असा समज त्या वाचकांत पसरला. दुसऱ्या भागात नायक नवा, हिमाच्छादित डोंगरात स्मृती हरवून जागा होणारा हाकु. देश नवा, यामातो. त्याला वाचवणारी कुओन नवी. म्हणून तो समज वरवर योग्य वाटतो. माझे मत ठामपणे विरुद्ध आहे. कुओन कोण, तिचे मौन कोणत्या दुःखाचे, तुस्कुर हे नाव उच्चारताच काही पात्रांच्या मुद्रा का बदलतात, हे ज्याला पहिल्या भागातून कळलेले नाही, त्याला तिसऱ्या भागाच्या अखेरीस अर्धेच मिळेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी २००६ची सव्वीस भागांची चलत्‌चित्रमालिका पाहून पहिल्या भागाची उणीव भरून काढावी. ती संक्षिप्त आहे, पण मुळाशी प्रामाणिक आहे. २०२२ची ‘मोनोक्रोम मोबियस’ ही पूर्वकथा मात्र त्रयी पूर्ण होईपर्यंत उघडू नये.

यंत्राविषयी थोडे. तिन्ही भाग आज संगणकावर स्टीमद्वारे आणि प्लेस्टेशनवर मिळतात. मजकूर व स्थिर चित्रे यांवरच बहुतेक भार असल्याने फार महाग संगणकाची गरज पडत नाही. काठिण्याची पातळी सुरुवातीला साधी ठेवावी, वाढवणे नंतर होते. दुसऱ्या भागाचा पूर्वार्ध राजधानीतील खाणेपिणे, चेष्टामस्करी आणि किरकोळ कामगिऱ्या यांत जातो, आणि तेथे पुष्कळांचा धीर सुटतो. पण त्या आनंदाच्या दिवसांची सवय लागल्यावरच पुढचे नुकसान नुकसान वाटते, म्हणून तेथे थांबू नये. आणि दुसरा भाग संपताच तिसरा उघडण्याची तजवीज आधीच करून ठेवावी, कारण ती दोन पुस्तके नसून मधोमध कापलेली एकच कथा आहे: जपानी वाचकांना २४ सप्टेंबर २०१५पासून २१ सप्टेंबर २०१६पर्यंत, जवळजवळ पूर्ण वर्ष, त्या कापलेल्या टोकाशी थांबावे लागले, इंग्रजी वाचकांना २३ मे २०१७पासून ५ सप्टेंबरपर्यंत साडेतीन महिने, आणि आजच्या नवागताला एक दिवसही थांबण्याचे कारण उरलेले नाही.